औषधें, जंतु आणि सुरतेचा रस्ता

साक्री हें आमचें गांव कान नदीच्या कांठीं, सुरतेहून धुळ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वसलेलें आहे. या रस्त्यानें सुरतेचा माल वर येतो आणि खानदेशचीं माणसें पोटासाठीं खालीं जातात. व्यारा, सोनगड, नवापूर, मग कोंडाईबारीचा घाट, दहिवेल आणि साक्री हा क्रम आमच्याकडील लहान मुलासहि पाठ असतो. कारण बहुतेक घरांतलें कोणी ना कोणी सुरतेस मागावर कामाला गेलेलें असतें. इतिहासाचा अध्यापक म्हणून या रस्त्यावरून काय काय येऊन गेलें याचा विचार मीं पुष्कळदां केला आहे. परंतु माझ्या स्वतःच्या डोळ्यांदेखत या रस्त्यानें जें आलें तें भय होतें, आणि त्या भयाच्या मागोमाग एक औषध आलें. त्या औषधाची हकीकत सांगावी म्हणून हा लेख.

१९९४ सालच्या सप्टेंबर महिन्यांतील गोष्ट. पितृपंधरवडा नुकताच लागला होता. मी एम्. ए. होऊन नोकरीच्या शोधांत घरींच होतों. बीड जिल्ह्यांतील मामला या गांवीं गांठीचा प्लेग निघाल्याचें वर्तमान वाचून आम्ही थोडे चमकलों होतों, पण बीड कोठें आणि आम्ही कोठें! तोंच सुरतेंत फुफ्फुसाचा प्लेग फैलावल्याची बातमी आली आणि चार दिवसांत लाखों लोकांनीं तें शहर सोडलें. त्यांतला एक लोंढा आमच्या रस्त्यानें आला. एस्. टी. च्या टपांवर, ट्रकांच्या फाळक्यांवर, डोक्यावर गांठोडें आणि तोंडावर फडकें बांधलेलीं माणसें उतरत होतीं. आपल्याच गांवचीं, आपल्याच आळींतलीं. तरी त्यांना घरांत घ्यावें कीं मळ्यांत उतरवावें, असा प्रश्न सख्ख्या भावांनाहि पडला.

त्याच वेळीं टेट्रासायक्लिन हें नांव साक्रींत प्रत्येकाच्या तोंडीं झालें. ज्यांना तें नीट उच्चारतां येत नव्हतें ते दुकानदारापुढें नुसता हात पसरून "भाऊ, गोयी शे का?" एवढेंच विचारीत, आणि दुकानदार समजत असे. दीड-दोन दिवसांत औषधांच्या दुकानांतून तीं कॅप्सुलें नाहींशीं झालीं. माझ्या वडिलांनीं एक पट्टी कोठून तरी मिळविली आणि घरच्या पांच माणसांत दोन दोन कॅप्सुलें, प्रसाद वाटावा तशीं, वाटून टाकलीं. आम्हीं तीं भक्तिभावानें गिळलीं. आम्हांपैकीं कोणासहि प्लेग नव्हता. कोणी प्लेगच्या रोग्यास स्पर्शहि केला नव्हता. आणि दोन कॅप्सुलांनीं प्लेग झालेला माणूस बरा होत नाहीं हें तर कोणाच्या ध्यानींमनींहि नव्हतें. साथ थोडक्यांत ओसरली. ती प्लेगचीच होती कीं नव्हती यावर पंडितांचा वाद पुढें पुष्कळ दिवस चालला. त्या दहा कॅप्सुलांचें काय झालें याचा विचार मात्र मीं त्यानंतर कित्येक वर्षें केला नाहीं.

वडिलांना मी दोष देत नाहीं. त्यांच्या आजोबांच्या पिढीनें प्लेग पाहिला होता तो औषधाशिवायचा. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं तो प्रथम ओळखला, आणि पुढील कित्येक वर्षें गांव सोडून शेतांत झोंपड्या घालणें हाच त्यावर आमच्या लोकांचा उपाय होता. १० मार्च १८९७ रोजीं पुण्यांत सावित्रीबाई फुले यांचा अंत झाला तो प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतांनाच जडलेल्या त्याच रोगानें. मुंबईंत हाफकीन यांनीं त्याच वर्षीं जानेवारींत लस तयार करून ती पहिल्यानें स्वतःस टोंचून घेतली. पण लस ही रोग होऊं नये म्हणून असते, झालेल्या रोगावर तिचा उपयोग नाहीं. रोग्याच्या अंगांतील प्लेगचे जंतु मारणारें खरेंखुरें औषध आमच्या प्रांतांत यावयास आणखी चाळीस वर्षें लागलीं. हाफकीन संस्थेचे पहिले भारतीय संचालक साहिबसिंग सोखी आणि त्यांचे सहकारी वागळे, दीक्षित व गणपति यांनीं सल्फा जातीचीं औषधें प्लेगवर चालतात कीं काय याचा शोध घेऊन १९४१ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पेनिसिलिन आपल्याच देशांत होऊं लागलें. ज्या पिढीनें हें सर्व एका आयुष्यांत पाहिलें तिला औषध हें देवाच्या अंगाऱ्याहून खात्रीचें वाटूं लागलें, यांत नवल कसलें?

परंतु औषध चालूं लागलें त्याच दिवसापासून तें न चालण्याचीहि सुरुवात झाली होती. या विषयाच्या इतिहासांतील ही सर्वांत चमत्कारिक गोष्ट आहे. १९०७ च्या सुमारास जर्मनींत पॉल एर्लिख हे ट्रिपॅनोसोम नांवाच्या सूक्ष्म जीवांवर उंदरांच्या शरीरांत औषधांचे प्रयोग करीत होते. कांहीं काळानें त्याच औषधास ते जीव दाद देईनासे झाले. पेनिसिलिनची कथा तर याहूनहि बोलकी आहे. ऑक्सफर्ड येथें १९४१ च्या फेब्रुवारींत पहिल्या अत्यवस्थ रोग्यावर त्याचा उपचार झाला. पण त्याच्या आधींच, १९४० च्या डिसेंबरांत, तेथीलच एब्रहॅम व चेन यांनीं पेनिसिलिनचा नाश करणारें एक द्रव्य कांहीं जंतूंच्या ठायीं असतें असें छापून टाकलें होतें. फ्लेमिंग यांनीं १९४५ सालीं नोबेल पारितोषिक स्वीकारतांना केलेल्या व्याख्यानांत, लोक हें औषध अपुऱ्या मात्रेनें घेतील आणि त्यांतून औषधास न जुमानणारे जंतु पोसले जातील, असा स्पष्ट इशारा दिला. एवढ्या आनंदाच्या प्रसंगीं असें अमंगल बोलणारा मनुष्य जगास फारसा रुचत नाहीं. टाळ्या वाजल्या आणि इशारा विसरला गेला.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो सुशिक्षितांतहि सर्रास आढळतो. "अमक्याचें शरीर औषधाला सरावलें" असें आपण म्हणतों. किंवा थोडे अधिक वाचलेले लोक "जंतु औषधाला सरावले" असें म्हणतात. दोन्ही विधानें चूक. शरीर तर सरावत नाहींच, पण अफूबाजाला अफू मानवावी त्या रीतीनें एखादा जंतुहि औषध पचवावयास शिकत नाहीं. १९४३ सालीं लुरिया आणि डेलब्रुक या दोन शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, ज्या फरकामुळें जंतु आपल्या शत्रूस दाद देत नाहीं तो फरक शत्रु येण्याच्या आधींच कोट्यवधींतल्या एखाद्यामध्यें आपोआप पडलेला असतो. औषध नवा जंतु घडवीत नाहीं. तें बाकीच्यांना मारून त्या एकट्यास रान मोकळें करून देतें.

आमच्या खानदेशच्या शेतकऱ्यास ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाहीं, तो ती आपल्या कपाशींत पाहून बसला आहे. २००२ सालीं बी. टी. कपाशीचें बियाणें आपल्या देशांत आलें. तिच्या अंगच्या विषानें बोंडअळी मरे. बियाण्याच्या पिशवीबरोबर साध्या कपाशीच्या बियाण्याची एक लहान पुडी मिळे, ती शेताच्या कडेनें लावावी असा नियम होता. हेतु असा कीं, त्या कडेच्या साध्या झाडांवर साध्या अळ्या जगाव्या आणि विषास न जुमानणाऱ्या एखाद्या अळीचा वंश त्यांच्या गर्दींत विरून जावा. ती पुडी किती जणांनीं लावली हें कोणत्याहि बांधावर जाऊन विचारावें! २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें महाराष्ट्राची कपाशी पोखरून काढली. अळीला जें लागू तेंच जंतूला. फरक एवढाच कीं अळीच्या पिढीस महिना-सवा महिना लागतो आणि आंतड्यांतले कांहीं जंतु अनुकूल परिस्थितींत विसेक मिनिटांत एकाचे दोन होतात.

क्षयाचा जंतु मात्र सुस्त आहे. त्याला एकाचे दोन व्हावयास जवळजवळ एक संपूर्ण दिवस लागतो. म्हणूनच त्याच्यावरचें औषध महिनेच्या महिने घ्यावें लागतें, आणि म्हणूनच या विषयाची खरी परीक्षा क्षयाच्या बाबतींत झाली. स्ट्रेप्टोमायसिन हें क्षयावरचें पहिलें समर्थ औषध अमेरिकेंत शॅट्झ व वॅक्समन यांनीं शोधून १९४४ सालीं जाहीर केलें. युद्धानें खंगलेल्या ब्रिटनजवळ तें फार थोडें होतें. त्या टंचाईचाच फायदा घेऊन तेथील वैद्यकीय संशोधन मंडळानें १०७ रोग्यांवर एक शिस्तबद्ध प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकाव्या त्या पद्धतीनें ५५ जणांस औषध व विश्रांति आणि ५२ जणांस नुसती विश्रांति अशी वांटणी झाली. सहा महिन्यांनीं पाहतां औषध घेणाऱ्यांपैकीं ४ दगावले होते, न घेणाऱ्यांपैकीं १४. जगभर जयजयकार झाला. पण त्याच रोग्यांची पांच वर्षांनीं मोजदाद झाली तेव्हां पहिल्यांतले ३२ आणि दुसऱ्यांतले ३५ मरण पावलेले आढळले. पहिल्या यशाचा बहुतेक भाग काळानें परत घेतला होता. औषध घेणाऱ्यांपैकीं पुष्कळांच्या थुंकींत स्ट्रेप्टोमायसिनला न जुमानणारे जंतु थोड्या आठवड्यांतच दिसूं लागले होते.

यांतील गणित सोपें आहे आणि तें वाचकांनीं एकदां मनाशीं करून पाहावें. क्षयाच्या रोग्याच्या फुफ्फुसांत जी पोकळी पडते तींत दहा कोटि जंतु सहज असतात. स्ट्रेप्टोमायसिनला न जुमानणारा जंतु अजमासें दहा लाखांत एक. म्हणजे पहिलें इंजेक्शन देण्यापूर्वींच त्या पोकळींत असे शंभरेक बंडखोर हजर असतात. बाकीचे मरतात, रोग्याचा ताप उतरतो, भूक लागते, वजन वाढतें, आणि ते शंभर सावकाश वाढत राहतात. आतां त्याच वेळीं दुसरें, वेगळ्या मार्गानें मारणारें औषध दिलें तर? दोन्हींना एकदम न जुमानणारा जंतु दहा लाख गुणिले दहा लाख, म्हणजे एक लाख कोटींत एक सांपडणार; तितके जंतु एका माणसाच्या छातींत मावतच नाहींत. स्ट्रेप्टोमायसिनच्या जोडीस पी. ए. एस्. दिल्यास जंतूंचें बंड बहुतांशीं टळतें हें १९५० मध्यें दिसून आलें. १९५२ सालीं आयसोनियाझिड त्यांना येऊन मिळालें. १९५६ पासून मद्रासला जो प्रयोग झाला त्यानें तर आरोग्यधामांचें युगच संपविलें. रोगी घरच्या दाटीवाटींत, घरचें अन्न खाऊन राहिला तरी औषधें नियमानें घेतल्यास आरोग्यधामांतल्या रोग्याइतकाच बरा होतो, हें तेथें सिद्ध झालें. "नियमानें" या एका शब्दावर तो सारा डोलारा उभा होता.

तो शब्द आमच्या घरीं कसा मोडला तें सांगतों. माझे थोरले काका शेती पाहत. १९७६-७७ च्या सुमारास त्यांना क्षय झाला. रोज इंजेक्शन घ्यावयाचें, तें टोंचणाऱ्याकडे सकाळीं चालत जावयाचें. दोन महिन्यांत खोकला थांबला, अंगावर मांस आलें. पाऊस पडला, पेरणी आली. त्यांनीं जाणें सोडलें. काकूंनीं आठवण केली तर म्हणत, "बरा झाल्यावर औषध घेईल तो खुळा." दुसऱ्या वर्षीं संक्रांतीच्या सुमारास खोकला परत आला. पुन्हां तींच इंजेक्शनें सुरू झालीं, पण या वेळीं ताप उतरला नाहीं. कोणी तरी मग त्यांत आणखी एक गोळी वाढविली; तिनें महिनाभर बरें वाटलें. मग ती बदलून दुसरी दिली. एकेक औषध असें सुटें सुटें वाढवीत जाणें म्हणजे शत्रूच्या प्रत्येक नव्या तुकडीस एकट्यादुकट्या शिपायाशीं झुंजावयास सांगणें होय, हें मला आज समजतें. त्या वेळीं तें सांगणारें कोणी भेटलें नाहीं. काका तिसऱ्या पावसाळ्यांत गेले. मी आठ वर्षांचा होतों, आणि मला त्यांच्या खोलींत जाण्याची मनाई होती एवढेंच मला आठवतें.

माझे काका खेड्यांतले होते म्हणून असें झालें असें कोणास वाटेल, तर त्यानें मुंबईचा वृत्तांत वाचावा. १९९१ सालीं मुकुंद उपलेकर व डोनाल्ड शेपर्ड यांनीं मुंबईंतील १०० खासगी डॉक्टरांना क्षयावर काय औषध देतां असें विचारलें. शंभर जणांनीं मिळून ८० निरनिराळ्या उपचारपद्धति सांगितल्या! वीस वर्षांनीं, २०१० मध्यें, हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया व त्यांचे सहकारी यांनीं धारावींतील १०६ व्यावसायिकांची तशीच परीक्षा घेतली. उपचारपद्धति निघाल्या ६३, आणि बिनचूक औषधयोजना लिहिणारे निघाले ६. मग १९९७ पासून सरकारनें सुरू केलेल्या नव्या क्षयकार्यक्रमाचा उपयोग काय, असें कोणी म्हणेल. उपयोग फार झाला. पण आपल्याकडील रोगी प्रथम कोपऱ्यावरच्या दवाखान्यांत जातो, सरकारी केंद्रांत शेवटीं जातो. त्या दोहोंच्या मधल्या महिन्यांत जंतूंचें काम होऊन गेलेलें असतें.

२०११ च्या डिसेंबरांत याच डॉ. उदवाडियांनीं एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकांत एक लहानसें पत्र प्रसिद्ध केलें. चार रोगी, चौघांचेहि जंतु तपासलेल्या प्रत्येक औषधास न जुमानणारे. त्यांपैकीं तिघांना आधींच्या दीड वर्षांत सरासरी चार चार डॉक्टरांनीं सुटीं सुटीं, चुकीच्या मात्रेचीं, दुसऱ्या फळींतलीं औषधें दिलेलीं होतीं. काकांचीच गोष्ट, फक्त औषधांचीं नांवें नवीं. पत्र छापून येतांच मोठा गदारोळ उठला. "पूर्णपणें औषधविरोधी" हा शब्दप्रयोग सरकारास रुचला नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनेंहि २०१२ च्या मार्चमध्यें तो वापरूं नये असें ठरविलें. शब्दाविषयींचा त्यांचा आक्षेप शास्त्रदृष्ट्या अगदींच खोटा नव्हता, कारण न तपासलेलें एखादें औषध चालण्याचा संभव उरतोच. तरी पण शब्दावर इतकें भांडण पाहून मला प्लेगच्या काळची आठवण झाली. रोगाचें नांव घेतल्यानें व्यापार बुडेल या भीतीनें तेव्हांहि शहरांत असेच वाद झाले होते. एक मात्र खरें कीं, या पत्रानंतर चक्रें हललीं. २०१२ च्या मे महिन्यांत क्षयाचा प्रत्येक रोगी सरकारास कळविणें सक्तीचें झालें. १ मार्च २०१४ पासून क्षयाचीं व इतर अनेक जंतुनाशक औषधें विकतांना दुकानदारानें वेगळी नोंदवही ठेवावी असा नियम अमलांत आला. आणि आठवड्यांतून तीनदां औषध देण्याची पद्धत सोडून २०१७ पासून तें रोज द्यावयास सुरुवात झाली.

नवीं औषधेंहि आलीं. बेडाक्विलिन हें अमेरिकेंत २०१२ च्या अखेरीस मान्य झालें आणि आपल्याकडे २०१६ पासून थोड्या रोग्यांना मिळूं लागलें. त्यापूर्वींचीं जीं इंजेक्शनें होतीं त्यांनीं किती रोग्यांचे कान गेले याची कल्पना पुष्कळांस नसते. अशाच इंजेक्शनांनीं श्रवणशक्ति गमावलेली मुंबईची एक तरुणी व दक्षिण आफ्रिकेंतील तिची एक समदुःखी भगिनी या दोघींनीं बेडाक्विलिनवरील कंपनीच्या मक्त्याची मुदत वाढूं नये म्हणून भारताच्या पेटंट कचेरींत हरकत घेतली, आणि २०२३ च्या मार्चमध्यें ती मान्य झाली. पण याहि औषधास न जुमानणारे जंतु आतांच आढळूं लागले आहेत.

क्षयाच्या जंतूचा एक गुण मात्र कबूल केला पाहिजे: तो आपली विद्या शेजाऱ्यास देत नाहीं. आंतड्यांतले जंतु तसे नाहींत. जपानांत १९५९ च्या सुमारास असें आढळलें कीं, हगवणीचे जंतु एकदम तीन-चार औषधांना विरोध करण्याचें सामर्थ्य दुसऱ्या जातीच्या जंतूंपासून आयतें, एका गांठोड्यांत बांधल्यासारखें, घेतात. ही गोष्ट वाचली तेव्हां मला वडिलांनीं वाटलेलीं तीं दहा कॅप्सुलें आठवलीं. आमच्या पोटांत प्लेगचा जंतु नव्हता, पण दुसरे असंख्य निरुपद्रवी जंतु होते; टेट्रासायक्लिननें मारले ते त्यांना, आणि रान मोकळें करून दिलें तें त्यांतल्या बंडखोरांना. सुरतेच्या रस्त्यावर त्या आठवड्यांत असें किती पोटांत झालें असेल! पुढच्याच वर्षीं, १९९५ मध्यें, मादागास्कर बेटावर एका मुलाच्या अंगांत प्लेगचा असा जंतु सांपडला कीं जो स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, क्लोरँफेनिकॉल, सल्फा, सर्वांनाच न जुमानणारा होता. त्याच्या अंगीं तसलेंच एक गांठोडें होतें. तो मुलगा दुसऱ्याच एका औषधयोगानें वांचला.

विषाणूंचा पंथ निराळा आहे, पण त्यांचीहि आमच्या रस्त्याशीं गांठ पडली. २००६ च्या फेब्रुवारींत नवापूरच्या कोंबड्यांत बर्ड फ्लू निघाला. देशांतला तो पहिलाच. लाखों कोंबड्या पुरल्या गेल्या, मार्चमध्यें तो जळगांव जिल्ह्यांतहि दिसला. कोंबड्या मारणाऱ्या कामगारांना टॅमिफ्लू हें औषध देण्यांत आलें. जुनें अमँटाडिन कां नाहीं? कारण त्याच जानेवारींत अमेरिकेच्या आरोग्यखात्यानें फ्लूवर तें वापरूं नका असें सांगितलें होतें; तिकडच्या फ्लूच्या एका मुख्य जातीचे दहांपैकीं नऊ विषाणु त्यास दाद देत नव्हते. दोन वर्षें गेलीं नाहींत तोंच माणसांतल्या फ्लूची दुसरी एक जात टॅमिफ्लूलाहि न जुमानणारी निघाली, आणि तीहि जेथें हें औषध फारसें कोणी घेत नव्हतें अशा नॉर्वेसारख्या देशांत प्रथम लक्षांत आली. तेव्हां सर्व दोष रोग्याच्या हलगर्जीपणावर टाकून मोकळें होतां येत नाहीं. विषाणु आपली नक्कल करतांना इतक्या चुका करतो कीं त्यांतली एखादी त्याच्या पथ्यावर पडते. २००९ सालच्या साथीचा विषाणु, ज्यानें आपल्या पुण्यास हवालदिल करून सोडलें, त्यानें त्या जातीस जगांतून हुसकून लावलें, आणि नवा विषाणु बहुतांशीं टॅमिफ्लूस दाद देणारा निघाला. हा केवळ मनुष्यजातीच्या दैवाचा भाग.

गेल्या वर्षीं दिवाळींत साक्रीस गेलों असतां आमच्या वाटेकऱ्याच्या मुलास खोकला झाला होता. त्याची थुंकी तपासावयास पाठविली. आतां एक यंत्र निघालें आहे. क्षय आहे कीं नाहीं, आणि असल्यास रिफँपिसिन हें मुख्य औषध चालेल कीं नाहीं, हें तें दोन तासांत सांगतें. क्षय निघाला, औषध चालेल असेंहि निघालें. सहा महिने रोज गोळ्या घ्यावयाच्या. मीं त्याच्या आईस गणित समजावून सांगूं लागलों, तिनें शांतपणें ऐकून घेतलें आणि मग विचारलें, "पण काका, कापूस वेंचायला तो कधीं जाईल?" काकूंनीं स्ट्रेप्टोमायसिनच्या रबरी बुचांच्या रिकाम्या बाटल्या उकळून कपाटांत ठेवलेल्या असत. त्यांतली एक मीं पुण्यास आणली आहे. तिच्यांत मी टांचण्या ठेवतों.